वॉरक्राफ्टचे पहिले आणि दुसरे युद्ध: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड, बीडकडची बरीच मंडळी हल्ली हे दोन जुने खेळ पहिल्यांदाच खेळायला घेत आहेत. दोन्ही खेळांतल्या युद्धकथांचा मेळ कसा लावायचा, कुठली गोष्ट खरी धरायची आणि कुठल्या मिशनला अडकायला होतं, असे प्रश्न त्यांच्याकडून येतात. उत्तरांत कथा पूर्ण उघड केली आहे. ती आधी कळू नये असं वाटत असेल तर "कोणत्या क्रमाने खेळावं" एवढाच प्रश्न वाचा आणि खेळून परत या.

नेमके कोणते दोन खेळ?

ब्लिझार्ड कंपनीचे "वॉरक्राफ्ट: ऑर्क्स अँड ह्यूमन्स" (1994) आणि "वॉरक्राफ्ट 2: टाइड्स ऑफ डार्कनेस" (1995). पहिल्यात माणसांची 12 आणि ऑर्कांची 12 मिशन आहेत, दुसऱ्यात दोन्हीकडे 14-14. दुसऱ्या खेळाला 1996 मध्ये "बियाँड द डार्क पोर्टल" ही पुरवणी आली, तिच्यात आणखी 12-12. नोव्हेंबर 2024 मध्ये दोन्ही खेळ रिमास्टर्ड रूपात निघाले. त्यात मिशन आणि कथा जुनीच आहे, चित्रं नवी आहेत, आणि जुनी चित्रं हवी असतील तर तीही लावता येतात.

दोन्ही युद्धांची गोष्ट थोडक्यात सांगा.

पहिलं युद्ध एका राज्यापुरतं आहे. ड्रेनॉर नावाच्या दुसऱ्या जगातून ऑर्क ही लढवय्यी जमात एका जादूच्या दारातून अॅझेरॉथ या माणसांच्या राज्यात येते. ते दार म्हणजे डार्क पोर्टल. ब्लॅकहँड त्यांचा सरदार. समोर राजा लेन, त्याचा सेनानी लोथार आणि दरबारचा महाजादूगार मेडिव्ह. शेवटी माणसांची राजधानी स्टॉर्मविंड पडते.

वाचलेल्या लोकांना घेऊन लोथार समुद्रापार उत्तरेला लॉर्डरॉनला जातो, आणि तिथून दुसरं युद्ध सुरू होतं. आता एकटं राज्य उरलेलं नाही. लॉर्डरॉन, स्ट्रॉमगार्ड, कुल टिरास, गिल्नेआस, डालारान, अल्टेरॅक अशी सात माणसांची राज्यं (सातवं म्हणजे लोथारचे निर्वासित), सोबत एल्फ, ड्वार्फ आणि नोम. ऑर्कांकडे ऑर्ग्रिम डूमहॅमर सरदार झालाय, आणि त्याच्या जोडीला ट्रोल, ओगर, गॉब्लिन, ड्रॅगन. हे युद्ध ऑर्क हरतात आणि डार्क पोर्टल उद्ध्वस्त होतं.

दोन्ही बाजूंनी खेळलं तर दोन्ही बाजू जिंकतात. मग खरं काय घडलं?

पहिल्या युद्धाचा खरा शेवट म्हणजे ऑर्क कॅम्पेनचा (एका बाजूच्या सगळ्या मिशनांच्या मालिकेचा) शेवट. दुसऱ्या युद्धाचा खरा शेवट म्हणजे माणसांच्या कॅम्पेनचा. हे दोन वाक्यांत सांगता येतं, पण गोंधळ इथंच सगळ्यात जास्त होतो, कारण "खरा शेवट" म्हणजे त्या कॅम्पेनमधली प्रत्येक गोष्ट खरी असा अर्थ होत नाही.

पहिल्या खेळात माणसांच्या बाजूने बाराव्या मिशनला ब्लॅकरॉक स्पायर हा ऑर्कांचा गड पाडला, तो विजय पुढच्या खेळाने रद्द केला. पण त्याच कॅम्पेनमधला मेडिव्हचा मृत्यू आणि राजा लेनचा खून दोन्ही कायम ठेवले. दुसऱ्या खेळातही असंच. ऑर्कांनी लॉर्डरॉन जिंकलं हे रद्द, पण ऑर्क जादूगार गुलदान सैन्य सोडून गेला हे कायम. म्हणून हरलेल्या बाजूचं कॅम्पेन वगळू नका. ती बाजू का हरली याचं कारण तिच्याच कॅम्पेनमध्ये आहे.

ती का हरली, हे एका वाक्यात?

फितुरीने. पहिल्या युद्धात ऑर्कांसाठी दार उघडणारा मेडिव्ह आणि राजा लेनला मारणारी गरोना, दुसऱ्यात गुलदान. रणांगणावर दोन्ही सैन्यं जवळपास तुल्यबळ आहेत. दोन्ही वेळा निकाल लागतो तो आतून फुटल्यामुळे. या दोन खेळांची कथा एकत्र लावून बघायची ती याच धाग्याने, असं आमचं ठाम मत आहे. पुढची बरीच उत्तरं त्याच अंगाने दिली आहेत.

पहिला खेळ पूर्ण केला, पण त्यात कथा फारशी दिसलीच नाही. काही सुटलं का?

मॅन्युअल सुटलं. 1994 च्या या खेळात मिशनआधी एक छोटं ब्रीफिंग येतं, बाकी सगळा इतिहास छापील पुस्तिकेत आहे. तिचे दोन भाग आहेत, एक माणसांच्या बाजूने आणि दुसरा ऑर्कांच्या, म्हणजे गरोनाच्या तोंडून सांगितलेला. दोन दरबारांच्या दोन बखरी वाचाव्यात तसे ते भाग वाचावेत. एकच घटना दोन्हीकडे वेगळी दिसते, आणि सांगणारा कोण हे लक्षात ठेवूनच विश्वास ठेवायचा.

दुसऱ्या खेळाची पुस्तिका त्याहून महत्त्वाची, कारण तिने पहिल्या युद्धाचा पडद्यामागचा भाग नव्याने सांगितला. ब्लॅकहँड हा नावापुरता सरदार होता. दोऱ्या गुलदान आणि त्याच्या गुप्त मंडळाच्या, शॅडो कौन्सिलच्या, हातात होत्या. पहिल्या खेळाच्या मिशनांत गुलदान कुठेच भेटत नाही. म्हणून नुसती मिशन खेळलेल्याला दुसऱ्या खेळात तो अचानक उपटल्यासारखा वाटतो.

पहिल्या खेळातलं माझं पात्र पुढे कोण ठरलं?

ऑर्क कॅम्पेनच्या शेवटी खेळाडू ब्लॅकहँडला मारून स्वतः सरदार होतो. त्याला तिथे नाव नाही. दुसऱ्या खेळाने ते काम ऑर्ग्रिम डूमहॅमरचं ठरवलं.

मेडिव्हच्या मृत्यूचा दुसऱ्या युद्धाशी काय संबंध?

फार मोठा. माणसांच्या कॅम्पेनमधलं आठवं मिशन म्हणजे मेडिव्हच्या मनोऱ्यावरचा हल्ला. खेळताना ते "एका वेड्या जादूगाराचा काटा काढला" एवढंच वाटतं. दुसऱ्या खेळाची पुस्तिका सांगते की त्याच क्षणी गुलदान मेडिव्हच्या मनात शिरून एक गुपित शोधत होता: सार्गेरास या महादैत्याची कबर कुठे आहे. मेडिव्ह मेला तो गुलदान आत असतानाच, आणि त्या धक्क्याने गुलदान दीर्घकाळ बेशुद्ध पडला.

आता साखळी जोडा. गुलदान बेशुद्ध, म्हणून ब्लॅकहँडच्या पाठीशी कोणी नाही. ती संधी साधून डूमहॅमर त्याला मारून सरदार होतो. गरोना डूमहॅमरच्या हाती लागते, छळानंतर शॅडो कौन्सिलचा ठावठिकाणा सांगते, आणि डूमहॅमर त्या जादूगारांची कत्तल करतो. गुलदान शुद्धीवर येतो तेव्हा त्याची सत्ता गेलेली असते. जीव वाचवायला तो डूमहॅमरला नवं सैन्य देऊ करतो: स्टॉर्मविंडच्या मेलेल्या नाइटांच्या देहात ऑर्क जादूगारांचे आत्मे घालून बनवलेले डेथ नाइट. दुसऱ्या खेळात 1200 सोन्याला तुम्ही जो डेथ नाइट घेता, त्याच्या अंगावरचं चिलखत पहिल्या खेळातल्या तुमच्याच नाइटचं आहे. एका मिशनमधला मृत्यू पुढच्या खेळात असा उगवतो.

गुलदान नेमका कधी फुटतो?

ऑर्क कॅम्पेनच्या बाराव्या मिशनला, "टूम ऑफ सार्गेरास". त्याआधीच्या मिशनांची चढण बघा: सातव्यात स्ट्रॉमगार्ड पडतं, आठव्यात केर डॅरोचा रूनस्टोन हाती येतो, नवव्यात टायर्स हँड, दहाव्यात स्ट्रॅथहोम, अकराव्यात क्वेलथालास. लॉर्डरॉनची राजधानी हाताशी आली आहे, आणि नेमक्या त्या वेळी गुलदान आपली स्टॉर्मरीव्हर टोळी आणि चोगॉलची ट्वायलाइट्स हॅमर टोळी घेऊन समुद्रात कबर शोधायला निघून जातो. डूमहॅमरला वेढ्यासाठी हवं असलेलं सैन्य फितुरांच्या मागे पाठवावं लागतं.

कॅम्पेनमध्ये तुम्ही गुलदानला मारता आणि मग डालारान, लॉर्डरॉन दोन्ही जिंकता. खऱ्या इतिहासात मात्र सैन्य फुटल्यामुळे वेढा फसला आणि ऑर्क तिथून मागेच हटत गेले. मुख्य सैन्य दुसरीकडे असताना राजधानी किंवा मोहीम हातची जाते हे मराठवाड्याच्या माणसाला नवं नाही. 1296 मध्ये अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर आला तेव्हा रामदेवराव यादवांचं मुख्य सैन्य युवराजाबरोबर बाहेर होतं. इथे फरक एवढाच की वेढा घालणाराच दुबळा पडला.

खेळताना एक गोष्ट लक्षात ठेवा: या मिशनला समोरचेही ऑर्कच आहेत, त्यांच्याकडेही डेथ नाइट आणि ओगर-मेज (जादू करणारे ओगर) आहेत. माणसांविरुद्ध चाललेली "ब्लडलस्ट (सैनिकाचा मार वाढवणारी जादू) करून घुसा" ही सवय इथे महाग पडते, कारण तेच ब्लडलस्ट तिकडूनही होतं. आपले ओगर-मेज ओळीत मागे ठेवा आणि समोरची पहिली लाट अंगावर येऊ द्या, मगच चढाई करा.

माणसांकडे दुसऱ्या युद्धात फितुरी नव्हती का?

होती, अल्टेरॅकची. फरक हा की ती वेळेत उघड झाली. माणसांच्या कॅम्पेनची आठ ते अकरा ही चार मिशन सलग खेळा, मध्ये दोन आठवडे जाऊ देऊ नका. आठव्यात टायर्स हँडला शेतकऱ्यांचा उठाव होतो. नवव्यात उथर लाइटब्रिंगर या पॅलाडिनला (धर्मयोद्ध्याला) केर डॅरोला सुखरूप पोहोचवायचं असतं आणि वाटेत हल्ला होतो. दहाव्यात कैद्यांमार्फत सूत्र हाती लागतं. अकराव्यात राजा पेरेनॉल्डचं अल्टेरॅक ऑर्कांना मिळालेलं आहे हे उघड होऊन ते राज्य नष्ट केलं जातं. ही चार मिशन म्हणजे एका तपासाची गोष्ट आहे, आणि आमच्या मते दोन्ही खेळांत लेखन इथे सगळ्यात चांगलं जमलं आहे.

नवव्या मिशनला बहुतेकांचं एकाच प्रकारे बिघडतं. उथरला ट्रान्सपोर्टमध्ये बसवून लगेच जहाज सोडलं जातं. ट्रान्सपोर्टला स्वतःला हल्ला करता येत नाही, आणि ते बुडालं की आत बसलेले सगळे जातात. उथर गेला की मिशन गेलं. म्हणून:

आधी डिस्ट्रॉयर आणि बॅटलशिप पुढे पाठवून पूर्ण मार्ग साफ करा. किनाऱ्यावरचे टॉवर बॅटलशिपने लांबून पाडा. बॅटलशिपला हवेतलं काही मारता येत नाही, म्हणून दोन-तीन डिस्ट्रॉयर सोबत हवेतच. एका ट्रान्सपोर्टमध्ये सहाच बसतात, तेव्हा पहिली खेप उथरशिवाय न्या, उतरण्याची जागा ताब्यात घ्या, आणि दुसऱ्या खेपेला त्याला आणा.

दोन्ही खेळांत युद्ध खेळायची पद्धत इतकी वेगळी का वाटते?

पहिला खेळ पायवाटेच्या लढाईचा आहे. संसाधनं दोनच, सोनं आणि लाकूड. इमारती रस्त्याला लागूनच बांधता येतात, त्यामुळे तळ मनाला येईल तसा पसरत नाही. मूळ आवृत्तीत एका वेळी चारच सैनिक निवडता येतात आणि हलवायला आधी आज्ञा निवडून मग जागेवर क्लिक करावं लागतं. समोरासमोर वीस-वीस सैनिक उभे असले तरी प्रत्यक्षात तुम्ही चार-चारच्या तुकड्यांनी लढता. एका राज्याच्या बचावाची, गावागावातून मागे हटत जाणारी गोष्ट या मर्यादांत नीट बसते.

दुसऱ्यात तेल आलं, जहाजं आली, ग्रिफिन आणि ड्रॅगन आले (दोन्ही 2500 सोन्याला). निवड नऊची झाली, राइट क्लिकने काम होऊ लागलं, आणि एकदा पाहिलेल्या जागेवरही सैनिक नसेल तर धुकं परत येतं. खंडाखंडांतल्या युद्धाची कथा सांगायची तर समुद्र लागणारच होता.

दोन्ही बाजूंच्या सैन्यात फरक किती?

पहिल्या खेळात तिरंदाजाचा पल्ला भालाफेक्या ऑर्कापेक्षा थोडा जास्त आणि मार थोडा कमी. खरा फरक जादूत: क्लेरिक जखमा भरतो, नेक्रोलाइट मेलेल्यांचे सांगाडे उठवतो, कंज्युरर वॉटर एलिमेंटल आणतो, वॉरलॉक डीमन आणतो. दुसऱ्यातही साधे सैनिक जवळपास सारखेच, फूटमन आणि ग्रंट दोन्ही 600 सोन्याला. तिथेही फरक वरच्या पायरीवर: पॅलाडिन एकेकाला बरं करतो, ओगर-मेज एकेकाचा मार वाढवतो. म्हणून शेवटची मिशन ऑर्कांकडून सोपी वाटतात. खऱ्या इतिहासात हरलेली बाजू हातात घेतल्यावर जास्त ताकदवान वाटते, आणि गुलदानच्या फितुरीचं वजन तिथे कळतं.

एकच ठिकाण दोन्ही कॅम्पेनमध्ये आलं की कोणता प्रसंग आधी?

दुसऱ्या खेळात हे मुद्दाम केलेलं आहे. झुलडेर ऑर्कांचं पहिलं मिशन आहे आणि माणसांचं चौथं. हिल्सब्रॅड माणसांचं पहिलं, ऑर्कांचं दुसरं आणि चौथं. साउथशोर दोघांचं तिसरं, टोल बॅराड दोघांचं पाचवं. टायर्स हँड माणसांचं आठवं, ऑर्कांचं नववं. पहिल्या पाच मिशनांत दोन्ही बाजू एकाच किनाऱ्यासाठी झुंजताना दिसतात. तारखांचा काटेकोर हिशेब लावायला जाऊ नका, लागणार नाही. ठिकाण एकच असलं तरी नकाशा वेगळा असतो.

कोणत्या क्रमाने खेळावं?

पहिला खेळ: आधी माणसांचं कॅम्पेन, मग ऑर्कांचं. पुढच्या खेळाला जोडणारा शेवट ऑर्कांचा असल्यामुळे तो नंतर यायला हवा. मग दुसऱ्या खेळाची पुस्तिका वाचा. दुसरा खेळ: ऑर्क कॅम्पेन बाराव्या मिशनपर्यंत खेळून थांबा, माणसांचं पूर्ण 14 करा, आणि तेरा-चौदा ही ऑर्क मिशन हवी असतील तर "असं झालं असतं तर" म्हणून शेवटी. त्यानंतर पुरवणी.

वेळ कमी असेल तर पहिल्या खेळातलं माणसांचं कॅम्पेन आठव्या मिशननंतर सोडलं तरी मुख्य धागा तुटत नाही, फक्त राजा लेनचा खून त्यानंतर येतो तेवढा वाचून घ्या.

राजा लेनला कोणी मारलं? सिनेमात वेगळंच दाखवलंय.

गरोनाने, दोन्हीकडे. खेळात तो सरळ खून आहे. 2016 च्या सिनेमात लेन स्वतःच तिला आपल्याला मारायला सांगतो, म्हणजे तिचा ऑर्कांत मान राहील आणि पुढे तह होऊ शकेल. खेळ खेळताना सिनेमाचा प्रसंग बाजूला ठेवा, नाहीतर ऑर्क कॅम्पेनमध्ये नॉर्थशायर मठातून गरोनाला सोडवण्याचं मिशन चुकीच्या नजरेने बघाल.

लोथार दोन्ही खेळांत आहे का?

आहे. पहिल्यात माणसांच्या चौथ्या मिशनला त्याला डेड माइन्सच्या भुयारातून सोडवायचं असतं. दुसऱ्यात तो सगळ्या आघाडीचा सेनापती आहे आणि ब्लॅकरॉक स्पायरपाशी मरतो. पुढे आलेल्या कथनांत तो डूमहॅमरशी समोरासमोर लढताना पडतो आणि त्याचा सहायक तुरॅल्यन सैन्य सावरतो.

ते भुयाराचं मिशन जमतच नाही.

तिथे तळ नाही, बराक नाही. जेवढे सैनिक दिले तेवढ्यांवरच निभवायचं. मेला तो परत मिळत नाही. अडतं ते याने की सगळे एकदम अरुंद बोळात पाठवले जातात, पुढचे दोघे लढतात आणि मागचे नुसते उभे राहतात किंवा भलत्याच वाटेने फिरून येतात. बोळाच्या तोंडाशी, मोकळ्या जागेत, तलवारवाले अर्धवर्तुळात थांबवा, मागे तिरंदाज. एक सैनिक पुढे पाठवून शत्रूला ओढून आणा. लोथार सापडला की त्याला पुढे घालू नका, तो कितीही दणकट वाटला तरी.

ऑर्कांचं चौथं मिशनही भुयाराचंच आहे, पण तिथे ब्लॅकहँडची पळालेली मुलगी ग्रिसेल्डा हिला बापाच्या हुकमाने मारायचं असतं. दोन्ही लागोपाठ खेळा. माणसं आपल्या सेनानीला वाचवायला खाली उतरतात, ऑर्क आपल्याच सरदाराच्या लेकीला मारायला. ऑर्कांच्या घरात काय चाललंय हे इतक्या लवकर सांगून टाकलं आहे.

दुसऱ्या खेळात समुद्राची मिशन आली की सोनं-लाकूड पुरत नाही.

क्रम चुकतो. शिपयार्डला 800 सोनं, 450 लाकूड. तेलाच्या प्लॅटफॉर्मला 700 सोनं, 450 लाकूड. एका बॅटलशिपला 1000 सोनं, 500 लाकूड, 1000 तेल. बहुतेक जण सुरुवातीलाच लाकूड टॉवरवर (प्रत्येकी 200) आणि शेतांवर (प्रत्येकी 250) घालवतात आणि प्लॅटफॉर्मच्या वेळी हात रिकामा. आधी लंबर मिल बांधा, तिने प्रत्येक खेपेला लाकूड 25 टक्के जास्त मिळतं. टाउन हॉलचा कीप केला की सोनंही 10 टक्के वाढतं. मग शिपयार्ड, टँकर, प्लॅटफॉर्म. एक शेत चार जणांनाच पोसतं, तेव्हा शेतं लागतील तशीच वाढवा.

उन्हाळ्यात लाइट कधी जाईल नेम नाही. काय करावं?

डेस्कटॉपवर खेळत असाल तर दर मोठ्या चकमकीआधी एफ10 दाबून मेनूतून सेव्ह करा, आणि दोन वेगवेगळ्या नावांनी आलटून-पालटून. लांब मिशन, विशेषतः दुसऱ्या खेळाची शेवटची चार, एका बैठकीत संपवायच्या भरीला पडू नका.

धाकट्या भावंडांना इंग्रजी ब्रीफिंग समजत नाही. कथा कशी सांगावी?

नावं कमी करा. पहिल्या खेळासाठी लेन, लोथार, मेडिव्ह, गरोना, ब्लॅकहँड पुरेत. दुसऱ्यासाठी डूमहॅमर, गुलदान, उथर, पेरेनॉल्ड. मिशन सुरू होण्याआधी दोनच गोष्टी सांगा: आपण कुणाच्या बाजूने आहोत, आणि मागच्या मिशनमुळे हे का करावं लागतंय. जागेच्या नावांची यादी सांगितली की मुलं कंटाळतात.

पहिला खेळ फार जुनाट वाटतो. थेट तिसऱ्या भागापासून सुरू केलं तर?

चालेल, पण 2002 चा तिसरा भाग सुरू होतो तेव्हा ऑर्क छावण्यांतल्या कैदेतून सुटून आलेले आहेत, आणि ते त्या छावण्यांत कसे गेले हे दुसऱ्या युद्धाशिवाय कळत नाही. मेडिव्हही त्यात परत येतो. निदान पहिल्या खेळातलं माणसांचं आठवं, दुसऱ्यातलं ऑर्कांचं बारावं आणि माणसांचं चौदावं अशी तीन मिशन कुणाच्या तरी सेव्हवरून खेळून घ्या.